पुण्याहून बंगळूर दीड तास, पण शिरूरहून पुणं?

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची कौसाबाई. माझं लुगडं नेसून व्हायचं होतं, तर ही उंबऱ्यात हजर. "विमानाची खिडकी उघडती का गं? तुला तर जीपमधी बी मळमळतं!" तिच्यामागं आळीतल्या बाकीच्या. नवरा जाऊन महिना झाला न्हाई आन म्हातारी हवेत उडाली, असंही कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटू द्या. लेक संगीता आणि जावई बंगळूरहून मला न्यायलाच आले होते.

शिरूर कासारहून पुणं म्हणजे दिवस मोडतो. आष्टी, कडा, मग नगर. मधेमधे रस्ता असा की हाडं मोजून घ्यावीत. भाकरी नि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या, विमानतळावर चहाचा भाव ऐकूनच तहान भागते. वाटभर संगी गावांच्या पाट्या मोजत होती.

तपासणीला बसलेली पोरगी मराठी निघाली. "आजी, एकट्याच का?" माझ्या तोंडून जुन्या सवयीनं गेलं, "आर्धा कोयता."

"कोयता? कुठंय कोयता?" सगळी पिशवी उपसली. भाकरी बाहेर, चटणी बाहेर, माझी मिसरीची डबी बाहेर.

जावई हात जोडून सांगू लागले, "मॅडम, आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. एकटं मानूस म्हंजे आर्धा."

ती हसली. "मग बाकीचा अर्धा कुठं ठेवला, आजी?"

मलाही हसू आलं. संगी मात्र भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

विमान लई भारी! उसाचा रस काहिलीत उकळताना वर फेस येतो ना, तसे ढग, आणि आपण त्याच्यावर. याच कर्नाटकात आम्ही दोघं ट्रकनं तोडीला गेलतो, तेव्हा वाट सरता सरत नव्हती.

संगी हळूच म्हणाली, "आई, आबा गेले त्या दिशी एवढ्याच वेळात पुण्यात उतरले मी. आन तिथनं घरी पोचेपर्यंत भावकीनं सगळं उरकलं. तोंडबी दिसलं न्हाई. आबा रागात गेले का गं?"

"राग कशाचा? सारखं विचारायचे, संगी कुठवर आली? मी सांगायची, पुण्यात उतरली. नगरला आली. तू तवा बंगळुरातच होती, बाई. कड्याला आली म्हणलं, तर म्हणले, 'मंग आलीच की.' आन डोळं मिटलं. त्यांच्यासाठी तू पोचली होतीस."

ती माझ्या पदरात तोंड घालून रडली. पलीकडच्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली.

बंगळूर गार, इडली मऊ, सांबारात गूळ का घालतात कुणास ठाऊक. संगी म्हणाली, इथंच राहा. पण माझी शेरडं किती दिवस कौसाबाईच्या गळ्यात घालायची? शेवटी दोघं मला शिरूरला सोडायला आली.

आता ह्यांच्या रिकाम्या बाजेकडं बघते तेव्हा वाटतं, बंगळूर जवळच आहे हो. लांब आहे ते आमचं गाव.

आखितीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. निघताना संगी म्हणाली, "आबांची पयली घागर मीच भरनार. आखितीला येते."

मी म्हणलं, "आदल्या दिशीच निघ."