महादूची मान

ओल्या प्लास्टरचा वास आला की कतारच्या दोह्यातला, अल हिलाल वस्तीतला बंगला आठवतो. ऐंशीच्या सुमारास मी तिथे साचे ओतायचो. मालकाला ग्रीक देवळासारखा व्हरांडा हवा होता; खांबांऐवजी छप्पर डोक्यावर घेतलेल्या बायका.

मूर्तीची मान साधेना. मूर्ती घडवणाऱ्या साहेबांनी साताऱ्याच्या महादू गवंड्याला डोक्यावर सिमेंटची गोणी देऊन उन्हात उभं केलं.

"आमची देवी गाभाऱ्यात बसती, यांची हमाली करती व्हय?" महादू हसला. मग म्हणाला, "साहेब, पाणी."

"हलू नकोस. मानेची शीर आत्ता कुठे दिसतेय."

महादू कोसळला. त्याची मान पुन्हा सरळ झाली नाही.

"यल्ला, चला, दुसरा उभा करा!" साहेब ओरडले.

तेव्हा मला गोणीचा संताप आला होता. आज त्याहून जास्त येतो तो मूर्तीच्या चेहऱ्याचा. मान महादूची घेतली आणि वर आम्हाला शांत, हसरा चेहरा बसवायला लावला.