आले का सगळे?

माई शेवटचं नीट बोलली ते घरीच, पलंगावर पडून. "श्रीधर, मला कोण हाक मारणार रे?" मला वाटलं, ग्लानीत बोलतेय. पण तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी मारीन की." "सांजेला," एवढं म्हणून तिने डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली. आता सव्वा महिना होत आला. माणसं भेटायला येतात, फार मायाळू होत्या म्हणतात, ते खरंच आहे. पण तिची मोठी ओळख म्हणजे ती हाक, आणि त्या हाकेबद्दल आम्ही घरात कधी मोकळेपणाने बोललो नाही.

वडील मालगाडीचे गार्ड, म्हणून लहानपण झाशीच्या रेल्वे कॉलनीत गेलं. बाहेर हिंदी आणि बुंदेली, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. तिन्हीसांजेला मागचं दार लावून पुढचं उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते, हे सगळ्यांकडेच असतं. माई देवाजवळ दिवा लावून त्या उघड्या दारात यायची आणि आम्हाला हाक मारायची. "कुमुद… श्रीधर… बाळू… घरात या रे. आणि हे." 'हे' म्हणजे वडील, नवऱ्याचं नाव कसं घेणार? ते तेव्हा गाडी घेऊन लांब बीना जंक्शनला का असेनात, हाकेतून ते सुटत नसत. आम्ही पाय धुऊन आत यायचो. पण माई दार लावायची नाही. पदर गोळा करून दाराला पाठ टेकून तिरकी उभी राहायची, अरुंद बोळात समोरच्याला वाट देताना राहतो तशी. मग म्हणायची, "आले सगळे." आणि कडी घालायची.

बाळू हे कॉलनीतलंच कुणीतरी उशिरा येणारं पोर असावं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एकदा मटार सोलताना कुमुदताईने सांगितलं, "बाळू आपला दादा. तू व्हायच्या आधी तापात गेला." थोरला असून त्याचं नाव शेवटी का, ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं वाढलो, तो तेवढाच राहिला. त्या दिवसापासून मी कुमुदताईला ढकलून आधी आत घुसायला लागलो, कारण आपल्या पाठोपाठ कोण येतंय ते मला बघायचं नव्हतं. ताई अजून त्यावरून चिडवते, पण ती स्वतः दारातून पळतच यायची.

शेजारी बदली होऊन एक बाई आल्या होत्या. एका सकाळी कुंपणापाशी त्या माईला म्हणाल्या, "बहनजी, आपका छोटा वाला बड़ा सीधा है। बाकी दोनों दौड़ते हैं, वो धीरे-धीरे पीछे आता है।" मी तिथेच उभा होतो. माई म्हणाली, "हओ, वो सबसे सीधा है।" आणि धुणं वाळत घालू लागली. तिचा चेहरा इतका समाधानी मी क्वचितच पाहिला असेल.

वडील निवृत्त झाल्यावर छावणीच्या रस्त्याला आम्ही छोटंसं घर बांधलं. कॉलनी सोडायच्या दिवशी सामान ट्रकने पुढे गेलं, माई आणि मी टांग्यात मागे राहिलो. रिकाम्या क्वार्टरच्या दारात जाऊन तिने एकदाच बाळूला हाक मारली. टांग्यात बसली ती कडेला, मध्ये जागा सोडून. मी सरकू लागलो तर हाताने अडवलं. टांगेवाल्याला म्हणाली, "भैया, ज़रा रुको, बैठने दो।" म्हातारा टांगेवाला लगाम धरून थांबला. मागे वळूनही पाहिलं नाही. जरा वेळाने त्यानेच विचारलं, "बैठ गए?" आणि घोड्याला चुचकारलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, असल्या गोष्टींना हसायचं वय होतं, पण वाटभर मला त्या मोकळ्या जागेवर हात टेकवला नाही.

कमला माझ्याशी लग्न होऊन झाशीजवळच्या गरौठ्याहून आली त्या संध्याकाळी हाकेत तिचं नाव आलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "हम तो भीतर ही हैं, अम्मा।" माई म्हणाली, "तरी म्हणायचं." इतक्या वर्षांत कमलाला मराठी सगळी कळू लागली, पण तोंडातून हिंदीच निघे. वडील गेले त्यानंतरही 'आणि हे' थांबलं नाही. फक्त माई दारात पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहू लागली. वडिलांचे गुडघे दुखायचे, पायरीला वेळ लागायचा.

आता खरी अडचण सांगतो. माई मानी होती. बोलावल्याशिवाय ती सख्ख्या भावाच्या घरीही गेली नाही. ती बाहेर येऊन उभी राहील, पण हाकेशिवाय उंबरा ओलांडणार नाही, याची मला खात्री होती. इकडे भटजींनी बजावलं होतं, गेलेल्या माणसाला हाक मारून अडकवू नका. कमला तर हातच जोडायची. "जाने वाले को पीछे से नहीं पुकारते जी, लौट आते हैं।" मी रोज दिवेलागणीला दारात जायचो, तोंड उघडायचो, आणि मिटून परत यायचो. भीती वाटायची, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. आपली आई बाहेर अंधारात उभी आहे आणि आपण आत चहा पितोय…

तेराव्यानंतर पुढच्या दाराची कडी बसेना. घातली की निसटायची, सकाळी दार बोटभर उघडं. सुताराने फळी तासली, कोयंडा बदलला, पैसे घेताना स्वतःच डोकं खाजवत राहिला. संध्याकाळी कमलाही दाराकडे बघत बसते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

गेल्या गुरुवारी मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होतो. कमलाने देवाजवळ दिवा लावला आणि सरळ दारात गेली. मला वाटलं, कडी बघतेय. तिने पदर गोळा केला आणि मराठीत हाक मारली. "कुमुदताई… बाळू…" थोडी थांबली. "बाबूजी… अम्मा… घरात या." आवाज तिचाच होता, हेल माईचा. मग ती दाराला पाठ टेकून तिरकी उभी राहिली. बाहेर रस्ता रिकामा होता, वारा नव्हता. जरा वेळाने तिने झटकन पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, वडील असताना त्यांच्यासमोर ओढायची तसा. नंतर ती किंचित वाकली, सासूच्या पाया पडताना वाकायची तेवढीच.

"आले सगळे," ती म्हणाली आणि कडी घातली. ती पहिल्याच झटक्यात बसली.

मी उठलो आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली. वाटेत येत होती.