खाचेचा बिल्ला

आमच्या सेलूचा सूर्यभान एसटीत कंडक्टर. जिंतूरच्या गाडीला देवगाव फाट्यावर गर्दी उसळली की नाण्यांत मिसळून कुणीतरी त्याच्या हातात जुना पितळी बिल्ला सरकवायचा. दुसरा कंडक्टर असता तर प्रवाशाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. हा स्वतःच्या खिशातून भर टाकायचा आणि बिल्ला घरी न्यायचा. वेडच म्हणा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिल्लर मिळेनाशी झाली, तेव्हा बाजारातल्या एका किराणावाल्या शेठनं मोड म्हणून हे बिल्ले काढले होते. चालायचे त्याच्याच दुकानात. पण शेठ मोठा हुशार. तेव्हाच्या महारवाड्याला द्यायच्या बिल्ल्यांच्या कडेला त्यानं खाच पाडून घेतली. ते वरून टाकायचे आणि परत आले की पाणी शिंपडून वेगळ्या डब्यात ठेवायचे. पितळेलाही जात चिकटवली मेल्यानं. सूर्यभानची आई सरजाबाई त्या दुकानाच्या पायरीखाली पदर पसरून उभी राहिलेली. पुढं आम्ही बौद्ध झालो, पण म्हणून ती खाच काही बुजली नाही.

चौऱ्याहत्तर साली दुकानाला पन्नास वर्षं झाली. शेठच्या नातवानं, बन्सीधरनं, समारंभासाठी काचपेटी करून घेतली. जुने बिल्ले मात्र उरले होते सूर्यभानकडंच. बन्सीधर मागायला आला, चांगले पैसे देतो म्हणाला. मग हळूच म्हणाला की खाचेचे तेवढे नकोत, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. सूर्यभाननं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "लावायचे तर खाचेचे बी लावा. न्हाईतर एक बी भेटणार न्हाई."

बन्सीधर रिकाम्या हातानं गेला.

समारंभाच्या दिवशी सूर्यभान रजा टाकून दुकानासमोर चादर पसरून बसला. सगळे बिल्ले मांडले, खाचेचे पुढच्या रांगेत. शेजारी सरजाबाई. पाहुणे तोंडात पेढा धरून बाहेर यायला लागले. खाच कशाची, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हातारी खणखणीत आवाजात सांगायची. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

अखेर बन्सीधर आला. आत पेटी रिकामी, बाहेर लोक बघतायत. द्या, खाचेचेही लावतो, म्हणाला. सूर्यभान गोळा करायला वाकला, तर आईनं त्याचा हात बाजूला सारला आणि खाचेचा एक बिल्ला उचलला.

"तुझ्या आज्यानं मला ह्यो वरून टाकला व्हता," ती म्हणाली. "तू हात पुढं कर."

बन्सीधरनं हात पुढं केला. तिनं बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला आणि वरून स्वतःची चारी बोटं दाबून धरली.

"आता पाणी शिंपडायचं आसल तर शिंपड."

बाकीचे माझ्या लेकानं जमवलेत, ते माझ्या घरी राहतील, असं सांगून तिनं चादर गुंडाळायला लावली. पन्नास वर्षांच्या त्या काचपेटीत एकच बिल्ला लागला, खाचेचा.