काकांनी बघितलेल्या दोन गाड्या

गाडी बघायला गेले की काका बायकोचा गुडघ्याचा पट्टा स्वतःच्या डाव्या गुडघ्याला बांधत. तोही पँटवरून, शोरूमच्या दारात, सगळ्यांदेखत.

पुंडलिकनगरात ते माझे शेजारी. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. चालवायच्या त्या काकू, कन्नड गावच्या शाळेत नोकरीला होत्या तेव्हापासून. पुढे पडण्याचं निमित्त झालं आणि डावा गुडघा पुरता वाकेना. क्लच दाबणं बंद झालं, गाडी विकली. मग पिशोरला माहेरी जायचं तर भाच्याच्या सवडीची वाट बघणं आलं. मिनतवाऱ्या करायचा काकूंचा स्वभाव नाही. त्यांनी माहेरचं नाव काढणंच सोडलं.

इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो, हे कळल्यावर काका कामाला लागले. दोन छोट्या, उंच बांध्याच्या गाड्या हेरल्या. पहिली एका चार्जिंगमध्ये लांब पळायची, दुसरीचं दार ऐसपैस उघडायचं. मी मोकळाच, म्हणून सोबत.

सेल्समन बॅटरीचं, पडद्याचं सांगू लागला की काका म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या. पाय कसा घालायचा, ते सांगा."

"पायाला काय झालं, सर?"

"मला काय नाय. आमच्या हिच्या गुडघ्याला हाय."

"मग पट्टा तुम्ही का बांधलाय?"

"गाडी मी बघायलो ना!"

असे किती रविवार गेले. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. आमच्या गल्लीत म्हणत, काकांची गाडी म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात. शेवटी पहिली गाडी त्यांनी पक्की केली आणि काकूंना दाखवायला नेलं.

काकू त्यांच्याहून वीतभर उंच. एवढा संसार झाला, पण हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिल्या गाडीत काकूंचा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. दुसरीत त्या सरळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ही घ्या."

मला वाटलं, काका खट्टू होतील. परतताना मला म्हणाले, "बरं झालं हिला आणलं ते. माझ्या मनानं घेतली असती ना, तर ही काय बोलली नसती. तशीच दुखत्या गुडघ्यानं चलवली असती."

त्या गाडीतून दोघं पिशोरला जाऊन आले, बऱ्याचदा. गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

तेराव्यानंतर बाईला माहेरी न्यायची रीत आहे. पिशोरहून काकूंचे थोरले भाऊ आले. निघताना गेटपाशी त्यांनी हात पुढे केला. "आण चावी. म्या चलवतो."

"नको दादा," काकू म्हणाल्या. "तू तिकडून बस."

ते पलीकडच्या दाराकडे गेले. काकूंनी डावा पाय आत घेतला, पदर सावरला. त्या गाडीला आवाज असा नसतोच. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा मला रडू आलं. काका गेले त्या दिवशी आलं नव्हतं.