तांब्याच्या कड्यावरचा अंगठा

माझे बाबा सत्यवान बत्तीस वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या भट्ट्यांतली सगळी हवा काढून घेत आणि मग त्या तापवत. हवा पुन्हा आत शिरू नये म्हणून झाकणाच्या सांध्यात बाबा तांब्याचं कडं बसवत. त्याला उघड्या हाताने कुणी शिवलेलं त्यांना खपत नसे. बोटाचं तेल भट्टीत तापलं की त्याची वाफ होते आणि केलेलं काम फुकट जातं.

एकदा दाबलेलं कडं पुन्हा चालत नाही. असंच एक टाकाऊ कडं त्यांनी धामापूरला घरी आणलं. आईने ते देवापुढच्या समईखाली ठेवलं. बाबा सुट्टीवर आले की सवयीने ओरडायचे, "अगो, कडेन धर! बोटां लावू नको!" मग आई मुद्दाम तेलकट अंगठा त्यावर टेकवून हसायची.

आईला जाऊन महिना झाला. परवा देवाची भांडी घासताना ते काळवंडलेलं कडं मी आमसुलाने चोळायला घेतलं. बाबा पडवीतून तरातरा आले.

"पुसू नको गो! तुझ्या आवशीचो आंगठो आसा तेच्यार."

त्यांनी कडं माझ्या हातातून काढून घेतलं. कडेने धरून.