धुतलेला घागरा

मार्चमधला दुसरा शनिवार. रक्कम दीडशे युरो, रोख. हजर चौघे: मी, माझी चौदा वर्षांची मुलगी, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधल्या हंगेरियन फेराईनचे, म्हणजे संस्थेचे, कपडे सांभाळणाऱ्या बाई आणि पावती लिहिणारे त्यांचे यजमान.

दीडशे ही एका घागऱ्याची अनामत होती. मुलगी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर दोन वर्षं त्या संस्थेत हंगेरियन लोकनृत्य शिकायला जात होती. दोन आठवड्यांनी संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता आणि तिला पहिल्यांदाच रंगमंचावर घेतलं होतं. आठ मुली, आठ घागरे, जादा एकही नाही. घागरा नसेल तर नाच नाही.

घागरा आम्हाला मिळाला तो बायकांच्या एका जुन्या लांब पायमोज्यात कोंबलेला. त्याच्या शेकडो बारीक चुण्या एकावर एक बसवून, दोऱ्याने आवळून तो असा ठेवतात, म्हणजे वर्षभर चुण्या हलत नाहीत. बाईंनी मला बजावलं, "टांगायचा नाही, इस्त्री नाही, पाणी नाही. कार्यक्रमाच्या दिवशीच सोडायचा." मी पावती फाइलला लावली आणि पायमोजा मुलीच्या कपाटात ठेवला.

त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मंगळवारी मी कारखान्यातून घरी आलो तर बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या स्टँडवर एक निळं कापड पसरलेलं. एका स्टँडवर मावलं नव्हतं, म्हणून उरलेलं दोन खुर्च्यांवर टाकलं होतं. मी मापलं. घेर पाच मीटर वीस. चुणी एकही नाही.

"आई, हे काय?"

"परकराचं गाठोडं सापडलं मोज्यात. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. कुणाकुणाच्या अंगावरचं असेल, आणि तसंच पोरीला घालायचं? चांगलं स्वच्छ करून दिलं."

मुलगी शाळेतून आली, तिने पाहिलं आणि दप्तर तिथेच टाकलं. आजीला ती जर्मनमध्ये काहीतरी ओरडली. आजीला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. मग मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आल्झो, म्हणजे मी नाचणार नाही. झालं." आणि दार लावून घेतलं.

बायको म्हणाली, "पावती फाइलला लावलीस. आईला सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. आम्ही इस्त्री तापवून जुन्या घड्यांच्या खुणा शोधल्या. उजेड तिरका पडला की पुसट रेघा दिसायच्या. अर्ध्या तासात एक वीत जमली, तीही वाकडी. बायकोचं म्हणणं, शनिवारपर्यंत आपणच प्रयत्न करू. मला ते पटेना. बुधवारी सकाळी मी बाईंना फोन केला.

"किती अंशांवर धुतला?"

"चाळीस."

"मशीनमध्ये पिळला?"

"आठशे फेऱ्यांवर."

मग त्या म्हणाल्या, "आकडे तुम्ही नीट सांगता. रविवारी घेऊन या. मुलींनाही बोलावते. चुण्या घालायचा वर्ग घ्यायचा म्हणून मी किती वर्षं समितीच्या मागे लागले आहे. कुणी येत नाही. नाचायचं मात्र सगळ्यांना असतं."

रविवारी संस्थेच्या तळघरात लांब टेबल मांडलं होतं. सासूबाई हट्टाने आल्या. बाईंनी घागरा पातळ खळीत बुडवला, टेबलावर ताणला आणि अर्ध्या बोटाच्या रुंदीची चुणी घालून सुईने टाका कसा घ्यायचा ते दाखवलं. मग प्रत्येक मुलीला तिचा तुकडा वाटून दिला. मुलींच्या गप्पा जर्मनमध्ये, बाईंच्या सूचना हंगेरियनमध्ये, आणि कापड तेवढ्यात वाळू लागलं की पुन्हा खळ शिंपडायची. मला काही काम नव्हतं. मी पट्टी घेऊन चुण्या मापत फिरत होतो. एक सहा मिलिमीटर, शेजारची नऊ.

"पट्टी खिशात घाला," बाई म्हणाल्या. "हे बोटाने मोजतात."

"जावयांना बसवत नाही एका जागी," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

दुपारी बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "ह्या घागऱ्याच्या चुण्या माझ्या आईने घातल्या होत्या. ती गेल्यापासून मी तो फक्त सोडत होते आणि बांधत होते. पाणी लावलं नव्हतं."

"काय म्हणाल्या त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर तुमचं तोंड असं का झालं?"

मग सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, कापड स्वच्छ करायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण मला कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता."

मी जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, ते टोक धरा. कापड सुटतंय."

सासूबाईंनी टोक धरलं. संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

बांधलेला घागरा फळ्यांच्या मधे ठेवून वर पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट ठेवले. बाईंच्या मते दहा दिवस लागतात. आमच्याकडे सहा होते. मी रोज कामावरून परस्पर तळघरात जायचो. फळी उचलायची परवानगी नव्हती, म्हणून नुसता हात लावून पाहायचो. घरी आलो की सासूबाई दारातच, "वाळला?" मुलगी खोलीत साध्या स्कर्टवर सराव करायची, पण मधेच थांबायची. गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "ओला निघाला तर मी मागे उभी राहून फक्त टाळ्या देणार. सांगितलंय मी बाईंना." बायकोने ताटात आणखी भात वाढला.

शनिवारी कार्यक्रमाच्या तासभर आधी, कपडे बदलायच्या खोलीत बाईंनी दोरे कापले. कंबरपट्टी जरा दमट होती. चुण्या क्षणभर एकमेकींना चिकटून राहिल्या, मग हळूहळू सुटल्या. कोणत्या मुलीचा तुकडा कुठे संपला ते मला स्पष्ट दिसत होतं. मुलीने तो घातला.

"चालेल?" तिने विचारलं.

"फिर," बाई म्हणाल्या.

ती फिरली.

"पुन्हा."

ती पुन्हा फिरली. बाई खाली बसून घागऱ्याच्या कडेकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा फिरल्यावर उठल्या, तिच्या कमरेची गाठ आवळली आणि म्हणाल्या, "जा."

नाचताना मी मुलीचा चेहरा फारसा पाहिलाच नाही, घागऱ्याची कडच पाहत होतो. आठही जणी एकदम गिरकी घेत तेव्हा सात घागरे एकसारखे उघडत. तिच्या घागऱ्याची डावीकडची एक पट्टी अर्ध्या ठेक्याने मागे राहायची, आणि तरीही उघडायची.

"आपली तिसरी ना?" सासूबाईंनी विचारलं.

"चौथी."

"हां. दिसली."

नंतर मी बाईंच्या यजमानांकडे हिशेब मागितला. ते म्हणाले, "नियमात नुकसानभरपाई आहे. पण रकान्यात किती लिहू?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. कामाचे पैसे घेत नाही, असं सांगून बाई बाकीचे घागरे मोज्यांत भरायला निघून गेल्या. मी पुन्हा एकदा विचारलं. यजमानांनी नकारार्थी मान हलवली.

शेवटी अनामतीतून दिले ते असे: खळ, दोरा आणि रविवारचं तळघराचं भाडं मिळून साठ युरो, संस्थेला, पावतीसह. बाईंना काही नाही.