धक्क्यावरची म्हातारी

उमरठहून मामीचा फोन आला तेव्हा मी महाडला बँकेत होतो. "मामा गेले रे," एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. तेराव्याला मी चार माणसांत मामाचं तोंडभरून कौतुक केलं. जे कबूल करायला हवं होतं, ते मात्र गिळून बसलो.

वसंतमामा शेतकरी. तरुणपणी मुंबईत छापखान्यात असताना तो एका फिल्म सोसायटीचा सभासद झाला. पुढे भातशेती करायला गावी परतला, तरी ते वेड सुटलं नाही. देशोदेशीचे संथ, गाण्यांशिवायचे पिक्चर! "यात काही घडतच नाही," मी चिडवायचो. "घडतंय रे, तू बघत नायस," तो म्हणायचा. मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले.

तेव्हापासून दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन उमरठला जायचो. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायच्या, आणि काय दिसतंय तेही सांगायचं. झाड म्हटलं की याच्या चौकशा सुरू, "कसलं झाड? वारा हाय का?" आधी मजा वाटली, नंतर खरं सांगतो, जिवावर यायला लागलं. शेवटच्या रविवारी त्यानं धक्क्यावर बोटीची वाट पाहणाऱ्या म्हातारीचा पिक्चर लावायला सांगितला. शेवटी ती नुसतीच बसून राहते, कितीतरी वेळ... त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस होता, मला महाड गाठायचं होतं. मी हळूच पिक्चर पुढे सरकवला आणि ठोकून दिलं, "बोट आली मामा. म्हातारी चढली. संपला."

तो म्हणाला, "आली का? बरं झालं. जा तू, पोर वाट बघत आसंल."

परवा न राहवून मामीला सगळं सांगितलं. आंधळ्या माणसाला फसवलं, याहून हलकं काम ते कोणतं? मामी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लग्न झाल्यावर मला पण तोच दाखवलेला मुंबईत. बोट येतच नाय त्यात. ह्यांना तोंडपाठ होता."

"मग बोलला का नाही मला?"

"मला बोलले ना. म्हणाले, पोराला घाई हाय, आणू दे बोट."

पडवीत त्याची खुर्ची तशीच आहे. समोरच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून मी तो शेवट लावला, या वेळी पुढे न सरकवता. म्हातारी बसलेली... रिकाम्या खुर्चीकडे वळून मी सांगत राहिलो, "वारा आहे मामा. तिचा पदर हलतोय. बोट अजून आली नाही."